झुलाल मास्तरचा खालचा ओठ

एरंडोलात झुलालला सगळे मास्तर म्हणतात, पण त्याचा आणि शाळेचा संबंध सातवीतच तुटला. बँडमध्ये जो क्लॅरोनेट वाजवतो तो मास्तर, एवढाच त्याचा अर्थ. ढोलवाला ढोलवालाच राहतो आणि खुळखुळेवाला खुळखुळेवालाच. गाणं कुठे उचलायचं आणि कुठे सोडायचं हे क्लॅरोनेटवाला ठरवतो, म्हणून मान त्याला. मानानं पोट भरत नाही, ते सोडा.

बँड धुळ्याचा, पुनाभाऊंच्या मालकीचा. घर एरंडोलला. मिसरूड फुटलं तेव्हापासून ते आता पन्नाशी उलटेपर्यंत झुलाल एसटीनं धुळ्याला जात आला आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे चालत आला. वैशाखाचं ऊन, अंगात लाल कोट, खांद्यावर जरीचे झुपके, आणि तोंडात ते काळं लाकूड. दुसऱ्यांची लग्नं लावता लावता त्याच्या गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या. वरातीत घोडा दमला तर दुसरा आणतात, मास्तर दमला तर त्याला पाण्याचा ग्लास देतात.

आणि आता तर वरातीपुढे डीजेची गाडी असते. तिच्या दणक्यात छातीचा पिंजरा हलतो, तिथे क्लॅरोनेट कोण ऐकणार? देवळापाशी दोन गाणी आणि मांडवाच्या दारात एक, एवढं मास्तरच्या वाट्याला येतं. बाकीचा वेळ लाल कोट घालून उभं राहायचं. झुलाल थकला होता, आणि थकण्याला औषध नसतं म्हणून तो कुणाला सांगत नव्हता. श्रावणात खानदेशात घरोघर बसवलेल्या कानबाई देवी विसर्जनाला उठतात तेव्हा गल्लीतल्या बाया डोक्यावर कानबाई घेऊन नदीकडे निघतात, त्यांच्यापुढे तो वाजवायचा. त्याचा बाप वाजवायचा तेच गाणं, त्याच चालीत. वर्षातून तेवढं एक वाजवताना त्याचे पाय दुखत नसत.

गेली कैक वर्षं त्याला बँड सोडायचा होता. पण पुनाभाऊंना सांगायचं कसं? मास्तर उठला की बँड बसला, हे दोघांनाही ठाऊक होतं. ट्रम्पेटवाला आधीच सुरतेला निघून गेलेला. उरलेल्या ढोल-ताशावाल्यांच्या चुली त्या एका क्लॅरोनेटवर पेटत होत्या. 'भाऊ, आते पुरे' हे शब्द झुलालच्या जिभेवर यायचे, पुनाभाऊ चहाचा कप पुढे करायचे, आणि शब्द चहाबरोबर पोटात जायचे.

आता त्याच्या दातांची कथा. काही वर्षांपूर्वी पारोळ्याच्या एका वरातीत फटाक्यांची लड घोड्याच्या पायाशी फुटली. घोड्यानं मान झटकली ती नेमकी क्लॅरोनेटवर, आणि क्लॅरोनेट गेलं झुलालच्या तोंडात. खालचे पुढचे दात आणि डावा सुळा जागीच गेले. वरात काही थांबली नाही. ट्रम्पेटवाल्यानं गाणं पुढे ओढून नेलं आणि नवरदेवाच्या मामानं झुलालला रुमाल दिला.

धुळ्याच्या दातवाल्यानं दोन्हीकडच्या दातांना टोप्या घालून मधे खोट्या दातांचा पूल बांधून दिला. उजवीकडे सुळा हा खांब आणि डावीकडे पहिली उपदाढ हा दुसरा. त्या उपदाढेचं रूट कॅनाल केलं आणि आत धातूची खीळ बसवली. पूल पक्का झाला. क्लॅरोनेट वाजवताना खालचा ओठ आत दुमडून दातांवर घ्यावा लागतो, आणि त्या ओठाच्या गादीवर वेताची पातळ पत्ती थरथरते. सूर तिथे तयार होतो. खाली दातच नसतील तर ओठ टेकणार कशावर? म्हणजे झुलालचं सगळं वाजवणं त्या पुलावर उभं होतं, आणि पुलाचा डावा भार त्या एका उपदाढेवर.

यंदा होळीच्या सुमारास तिच्या मुळाशी हिरडीवर पुटकुळी आली. फुटायची, पुन्हा भरायची. धुळ्याच्या दातवाल्यानं पाहिलं, मान हलवली आणि जळगावला डॉक्टर हेमांगी फालक यांच्याकडे पाठवलं.

हेमांगीबाई मूळच्या भुसावळच्या, चाळिशीच्या, बोलायला मोजक्या. पण जे बोलायचं ते पेशंटच्या समोर स्टुलावर बसून, नजरेला नजर देऊन. त्यांनी जबड्याचा स्कॅन काढायला लावला आणि पडद्यावर तो झुलालला दाखवला.

"मास्तर, इथे मुळाच्या टोकाशी पू धरलाय. वरून आत जाता येत नाही, खीळ आहे. ती उपटायला गेलं तर मूळच तडकेल. म्हणून बाजूनं जायचं. हिरडी उघडायची, हाडाला छोटी खिडकी पाडायची, मुळाचं टोक छाटायचं आणि त्याला बूच मारायचं. दात राहतो, तुमचा पूलही राहतो."

"मंग आडचन काय शे बाई?"

बाईंनी पडद्यावरच्या एका काळ्या ठिपक्यावर पेन टेकवलं. "अडचण ही. इथून एक नस बाहेर येते. तुमच्या खालच्या ओठाला आणि हनुवटीला जे काही कळतं ते हिच्यामुळे. ती तुमच्या मुळाच्या टोकाला अगदी लागून आहे. तिला इजा झाली तर ओठ हलेल, जेवता येईल, पण त्याला काही कळणार नाही. कधी काही महिन्यांनी परत येतं. कधी येतही नाही."

झुलालनं नकळत ओठ आत दुमडला. पत्तीवर दाब किती पडतो हे ओठालाच कळतं, कानाला कळेपर्यंत सूर बिघडलेला असतो. ज्याला स्वतःचा ओठ कळत नाही त्यानं क्लॅरोनेट खुंटीला टांगावं.

यावर बाईंकडे तोड होती. जबड्याचा स्कॅन आणि दातांचा स्कॅन कॉम्प्युटरवर एकमेकांवर बसवायचे, नस चुकवून वाट आखायची, आणि त्या वाटेचं भोक असलेला एक पारदर्शक साचा छापून घ्यायचा. साचा दातांवर घट्ट बसवला की ड्रिल त्या भोकातून जाईल तिथेच जाणार. खिडकीही लहान, जखमही लहान. पूर्वी हे काम डोळ्यांच्या आणि हाताच्या अंदाजानं व्हायचं, आणि बहुतेक ठिकाणी अजून तसंच होतं.

"हातानं मी पुष्कळ केलीत," बाई म्हणाल्या, "पण तुमच्या ओठाच्या बाबतीत मला अंदाज नको."

साचा पुण्याहून छापून आला. पण तोवर लग्नसराई तोंडावर आली होती आणि पुनाभाऊंनी सुपाऱ्या घेऊन ठेवल्या होत्या. लग्नं होऊ द्या, मग बसतो खुर्चीत, असं झुलाल म्हणाला. बाईंना ते पसंत नव्हतं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "तोवर दाताला काही करायचं नाही. दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही, टोपी काढायची नाही, काही म्हणजे काही नाही." झुलालनं शब्द दिला आणि तो अक्षरशः पाळला. निदान त्याला तरी तसं वाटत होतं.

इथे त्याच्या वस्तादाची शिकवण आडवी आली. खालचे दात ओठाला आतून कापतात हे क्लॅरोनेटवाल्यांचं जुनं दुखणं. नव्या पत्तीला कोर असते, ती बारीक कानशीनं घासून काढतात. तशीच दातांची धारही अधूनमधून घासायची, हे झिपरू वस्तादानं त्याला पहिल्याच उन्हाळ्यात शिकवलं होतं. "दात बी वाजानाच भाग शे रे," वस्ताद म्हणायचा. पुलावरच्या दातांचा पांढरा मुलामा तर मऊ, कानशीचं लगेच ऐकणारा. यंदा पुवामुळे ओठ सुजलेला, धार जास्तच टोचायची. मग लग्न नसेल त्या दिवशी झुलाल ओट्यावर आरसा टेकवून बसायचा आणि आधी पत्ती घासून झाली की त्याच कानशीचे चार हात दातांवरही फिरवायचा. आपण दाताला काही करतोय असं त्याच्या मनाला शिवलंही नाही. नखं काढताना बोटाचं ऑपरेशन केलं असं कुणी म्हणतं का?

आषाढ लागला, लग्नं आटोपली. झुलाल आणि त्याची बायको कोकिळा सकाळच्या एसटीनं जळगावला आले. पुटकुळीची आता गाठ झाली होती आणि गाल एका बाजूनं जड दिसत होता. बाईंनी त्याला खुर्चीत निजवलं, डबीतून साचा काढला आणि इंजेक्शनच्या आधी दातांवर बसवून पाहिला.

साचा हलला. पुढून दाबला की मागून उचलायचा, मागून दाबला की पुढे पोकळी. बाईंनी तो काढला, धुतला, पुन्हा बसवला. मग झुलालच्या दातांची जी प्रतिकृती साच्याबरोबर आली होती तिच्यावर बसवला, तिथे तो चपखल बसला. तोंडात मात्र डुगडुग.

"मास्तर, मधे कुणाकडे गेला होतात?"

"नही बाई. तुमनी आन."

"दातांना काही केलंत?"

"काहीच नही."

दाराशी बसलेली कोकिळा तिथूनच म्हणाली, "घासतस ना ते बाई, कानस लीसन. आठ-पंधरा दिनमा एकदाव घासतसच."

झुलालला वाटलं, बाई आता झाडणार. झाडलं असतं तर बरं झालं असतं. बाईंनी मास्क हनुवटीखाली ओढला आणि त्या स्टुलावर बसल्या. त्यांचाही चेहरा सकाळपासूनच्या पेशंटांनी उतरलेला होता.

"किती घासलेत?"

"ओठ कापाले नको, इतलंच."

"अर्धी चूक माझी," बाई म्हणाल्या. "क्लॅरोनेट वाजवणारा माणूस दातांना काय काय करतो, हे मी विचारायला हवं होतं. हा साचा आता उपयोगाचा नाही. पुढे केसभर पोकळी राहते, आणि आपल्याकडे मुळात जागाच केसभर आहे."

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, पुन्हा स्कॅन, पुन्हा साचा, पंधरवडाभर थांबणं. पण पू हाड खात होता आणि गोळ्या आता लागू पडत नव्हत्या, त्यामुळे थांबणंही काही बिनधोक नव्हतं. दुसरी वाट म्हणजे आज, हातानं. "माझं मत विचाराल तर थांबा," त्या म्हणाल्या. "पण तोंड तुमचं आहे."

आता झुलालच्या मनात जे आलं ते सांगायला हवं, कारण ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. त्याला वाटलं, गेली नस तर गेली. ओठ मेला तर पुनाभाऊंना काही सांगावंच लागणार नाही. मास्तरनं बँड सोडला असं कुणी म्हणणार नाही, मास्तरचा ओठ गेला म्हणतील, हळहळतील, घरी येऊन बसतील. वैशाख येईल आणि आपण ओट्यावर सावलीत बसू. इतकी वर्षं जो शब्द तोंडातून निघाला नाही तो डॉक्टरबाईंच्या हातून परस्पर निघून जाईल. माणूस फार थकला की कुणीतरी आपल्याला पाडावं म्हणून वाट पाहतो.

"आजच करी टाका बाई," तो म्हणाला. "हाते हाते."

"घाई कसली आहे?"

"येनं-जानं जमत नही."

एरंडोल ते जळगाव एसटीचा रस्ता तो काय! बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. कोकिळेनंही पाहिलं, आणि तिनं पदर दातात धरला.

"ठीक आहे," बाई शेवटी म्हणाल्या. "पण मग माझ्या पद्धतीनं. साचा असता तर नस न बघताच तिला चुकवलं असतं. आता ती मला आधी उघडून डोळ्यांनी बघावी लागेल, बाजूला धरावी लागेल, आणि मगच ड्रिल लागेल. चीर मोठी होईल, टाके जास्त पडतील, सूज येईल. घाई मी करणार नाही."

इंजेक्शन दिलं. ओठ आधी मुंग्यांनी भरला, मग भाकरीएवढा जाड झाला, मग नाहीसाच झाला. डोळ्यांवर हिरवं कापड आलं. झुलालकडे आता फक्त कान उरले.

बराच वेळ बारीकसारीक आवाज येत राहिले, ट्रेमध्ये काही ठेवल्याचे, काही उचलल्याचे. बाई दिव्याशी पुटपुटल्यासारख्या बोलत होत्या. थोडा खाली घ्या. अजून. पुसा. पुन्हा पुसा. मग त्या गप्प झाल्या. ती शांतता इतकी लांबली की झुलालला घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला. "ही बघा," त्या अखेर नर्सला म्हणाल्या. "दिसली. आता हिला जपून बाजूला धरा, आणि काही झालं तरी हात हलू देऊ नका."

ड्रिल सुरू झालं. त्याचा आवाज काळी दोनच्या जवळपास लागला आणि हाडाला टेकताच जरा उतरला. थांबलं, पाण्याचा फवारा आला, पुन्हा लागलं. तोच सूर, तसाच उतरलेला. बाई थोडंसं कोरायच्या, थांबायच्या, बघायच्या, पुन्हा थोडंसं.

"बाबा, हात नका हलवू," नर्स म्हणाली.

कुणाचा हात? झुलालला वाटलं ती दुसऱ्याच कुणाला सांगतेय. मग त्याला कळलं. पोटावर ठेवलेल्या त्याच्या दोन्ही हातांची बोटं चालली होती. क्लॅरोनेटच्या भोकांवर असावीत तशी उघडझाप करत होती. ड्रिलचा सूर धरून ती आपसूक वाजवत होती, आणि वाजवत होती काय, तर कानबाईचं गाणं, बापाचं.

त्यानं बोटं मुठीत घट्ट धरली, आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा भीती वाटली. ज्या माणसानं आत्ताच 'गेली तर गेली' म्हटलं होतं त्याला आता ओरडावंसं वाटत होतं की थांबा बाई, पंधरवडा काय, महिना थांबतो, साचा करा. पण तोंड ताणून धरलेलं, जीभ कापसाखाली. त्याला काहीच म्हणता येईना. कानबाई माय, नको नेऊ, असं तो कापडाखालच्या अंधारात मनातल्या मनात म्हणत राहिला. आपण खोटं बोललो, येणं-जाणं जमतं, सगळं जमतं, फक्त नको नेऊ. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानामागे गेलं आणि नर्सला ते दुखण्याचं वाटलं, म्हणून तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

शेवटचा टाका घालून बाई उठल्या तेव्हा त्यांनी आधी स्वतःची पाठ दोन्ही हातांनी दाबली. "टोक छाटलं, बूच बसलं," त्या म्हणाल्या. "नस तुटलेली नाही, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पण बाजूला धरावी लागली, तेव्हा तिला त्रास झालाय. औषधाचा अंमल संध्याकाळपर्यंत उतरेल. तोवर ओठ जागा झाला तर उत्तम. नाही झाला तर वाट बघायची, किती ते आज सांगता येणार नाही." मग त्या दाराकडे वळल्या. "कोकिळाताई, ती कानस तुमच्या ताब्यात घ्या."

"तुमनी सांगानी वाटच पाही राहिंती मी," कोकिळा म्हणाली.

एसटीत झुलाल खिडकीशी बसला, गालावर बर्फाची पिशवी. कोकिळेनं स्टँडवर त्याला गार केलेलं दूध पाजलं होतं, ते डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळलं आणि त्याला पत्ताही लागला नाही. तिनं पदरानं पुसलं. त्यानं बोटानं ओठ चाचपला. बोटाला ओठ कळत होता, ओठाला बोट कळत नव्हतं. दुसऱ्या कुणाचा ओठ आपल्या तोंडावर चिकटवल्यासारखा.

ही घे सुटका, त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. हेच पाहिजे होतं ना तुला? बाहेर केळीचा ट्रक चालला होता, मागे कपाशीची हिरवी शेतं. सुटका झाल्यासारखं काही वाटेना. नुसतं रितं वाटलं, वरात पुढे निघून गेल्यावर रस्ता दिसतो तसं.

दिवस मावळायला जीभ जागी झाली. मग गाल जागा झाला आणि टाके ठणकू लागले. ओठ मात्र निजलेलाच. कोकिळेनं वरणाचं पातळ पाणी दिलं, तेही सांडलं. तेवढ्यात पुनाभाऊंचा फोन आला. त्यांचा आवाज फोनबाहेर ऐकू येईल असा.

"कसा शे मास्तर? सरनं का दुखनं? आयक, पारोळाथून कानबाईनी सुपारी उनी शे. तुनी गल्लीनी कानबाई मार्गी लागनी का लगेच तथा जावानं. घी लेऊ ना सुपारी?"

इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा आयता समोर आला होता. खोटं बोलायचीही गरज नव्हती. भाऊ, ओठ गया, एवढं म्हटलं की झालं. कोकिळा भांडी ठेवून उभी राहिली. झुलालनं तोंड उघडलं, एक बाजू वाकडी झाली.

"सकाय सांगस भाऊ," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

कोकिळा जवळ येऊन बसली. "सांगी टाकतात ना," ती हळू म्हणाली. "आज कोनी काही म्हनतं नही."

म्हणजे तिला माहीत होतं. खुर्चीत 'आजच' म्हणाला तेव्हाच तिला कळलं होतं, कदाचित त्याच्याही आधी. झुलालला लाज वाटली, आणि बरंही वाटलं. ती उठून अंथरूण घालायला गेली.

सकाळी त्याला जाग आली ती ठणक्यानं. गाल उशीएवढा सुजलेला. तो तसाच उठला, खुंटीवरची क्लॅरोनेटची पेटी काढली आणि ओट्यावर जाऊन बसला. वाजवायचं नव्हतं, महिनाभर वाजवायचं नाही असं बाईंनी सांगितलंच होतं. त्यानं फक्त एक नवी पत्ती घेतली आणि डोळे मिटून ती ओठाच्या उजव्या कोपऱ्याला लावली. कळलं. मग सावकाश डावीकडे सरकवत नेली. मधे कळलं, अंधुक. त्याच्या पुढे काहीच नाही. हनुवटीवर तर लाकूडच.

तो पत्ती तिथेच धरून बसून राहिला. शेजारच्या गोठ्यात धारा काढत होते. कुणीतरी सायकल पुसत होतं. त्यानं पत्ती पुन्हा उजवीकडून सुरू केली, अगदी हलक्या हातानं, आणि पुन्हा डावीकडे आणली. आणि डाव्या कोपऱ्याच्या अलीकडे काहीतरी टोचलं. झुलाल थबकला. पुन्हा तिथेच फिरवली. पुन्हा टोचलं. मुंग्यांच्या गर्दीतून आल्यासारखं, दुरून, पण टोचलं. नव्या पत्तीला राहिलेली कोर होती ती, सुताहून बारीक. ओठाला ती कळली होती.

त्याला हसू आलं, ते टाक्यांनी अडवलं. मग रडू आलं, ते कुणी अडवलं नाही. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि घरात हाक मारली.

"कोकिळा, कानस दे व."

ती तांदूळ पाखडायचं सूप हातात घेऊनच दारात आली. रात्री तिनं कानस कुठे लपवली होती ते तिलाच ठाऊक. "कसाले?" तिनं विचारलं. "दातले?"

"पत्तीले."

कोकिळा त्याच्या सुजलेल्या तोंडाकडे, त्याच्या हातातल्या पत्तीकडे पाहत राहिली. मग सूप बाजूला ठेवून ती आत गेली, पिठाच्या डब्यात हात घालून कानस काढली, लुगड्याला पुसली आणि त्याच्यापुढे धरली. पण लगेच सोडली नाही.

"तुम्ही थकी गयात ना?" ती म्हणाली.

"थकनू शे," झुलालनं कानस तिच्या हातातून सोडवून घेतली. "आजून थकसू."